१४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ६१६ का येत नाही?

नमस्कार. वर्तुळावर व्हिडिओ करा, असा आग्रह सातवी-आठवीतील मुले आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांचे पालक गेले काही महिने करीत आहेत, म्हणून आज कंपासपेटी, दोरा आणि माझी एक बांगडी घेऊन बसले आहे.

व्याख्या चटकन उरकू. केंद्रापासून समान अंतरावर असणाऱ्या प्रतलातील सर्व बिंदूंचे मिळून वर्तुळ होते आणि ते समान अंतर म्हणजे त्रिज्या. वर्तुळावरील कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड ही जीवा. जी जीवा केंद्रातून जाते ती व्यास, आणि व्यास त्रिज्येच्या दुप्पट असतो. व्यास नसलेली जीवा वर्तुळाचे लघुकंस आणि विशालकंस असे दोन भाग करते. वर्तुळाच्या कडेची एकूण लांबी म्हणजे परीघ. परिघाचे सूत्र दोन पाय आर, क्षेत्रफळाचे पाय आर वर्ग. हे सारे तुमच्या वहीत आहेच.

आता मुद्द्याचे बोलू. मागच्या व्हिडिओच्या शेवटी मी १४ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ विचारले होते, आणि प्रतिक्रियांमध्ये ६१६ चौरस सेंटिमीटर हे उत्तर इतक्या वेळा आले की वाचता वाचता मला माझी आठवीची वही आठवली. त्या वहीतही ६१६ च होते. उत्तर आहे १५४, कारण आर म्हणजे त्रिज्या, आणि व्यास १४ असेल तर त्रिज्या ७. मी १४ चा वर्ग केला होता, तुम्हीही तेच केलेत.

त्या वेळी आमच्या बाईंनी चूक खोडली नाही. त्यांनी वर्तुळाभोवती त्याला चारही बाजूंनी नेमका टेकणारा चौरस काढला आणि त्याचे क्षेत्रफळ विचारले. चौरसाची बाजू १४, म्हणून क्षेत्रफळ १९६. चौरसाच्या पोटात बसलेले वर्तुळ चौरसाहून मोठे कसे असेल, एवढेच त्यांनी विचारले, आणि ६१६ हा आकडा माझ्याच डोळ्यांदेखत हास्यास्पद ठरला.

हेच भाकरीवर करून पाहा. १४ सेंटिमीटर व्यासाची लहान भाकरी आणि २८ सेंटिमीटर व्यासाची मोठी भाकरी सारख्याच जाडीच्या थापल्या, तर मोठीला पीठ दुप्पट नव्हे, चौपट लागते. तुमचे ६१६ हे त्या मोठ्या भाकरीचे क्षेत्रफळ आहे; गणित दिले होते लहान भाकरीचे.

तरीही ज्यांना व्यास निम्मा करायचा कंटाळा येतो, त्यांनी भास्कराचार्यांचा मार्ग धरावा. ११५० मधील ‘लीलावती’त क्षेत्रफळ काढण्याची रीत अशी आहे की परिघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणावे. १४ व्यासाचा परीघ ४४. ४४ गुणिले १४ म्हणजे ६१६, आणि त्याला चाराने भागले की १५४. पाहिलेत? ६१६ येथेही वाटेत भेटते, परंतु तेथे थांबायचे नसते.

याच ग्रंथाच्या आधाराने आणखी एका तक्रारीचे उत्तर देते. एका पालकांनी लिहिले आहे की पायची किंमत बरोबर २२/७ असताना मी ३.१४ सांगून मुलांचा गोंधळ वाढवते. बरोबर २२/७ नाही. २२/७ म्हणजे ३.१४२८५७…, आणि पाय म्हणजे ३.१४१५९…, म्हणजे २२/७ आणि ३.१४ या दोन्ही किमती गणिताच्या सोयीसाठी घेतलेल्या आहेत. भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० हे गुणोत्तर सूक्ष्म म्हटले आणि २२/७ ला स्थूल, पण व्यवहारयोग्य असे संबोधले. गणितात व्यास किंवा त्रिज्या सातच्या पटीत दिसली की २२/७ घ्यावे, कारण भागाकार सुटसुटीत होतो.

शेवटी बांगडी. बांगडीचे माप दुकानात दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे सांगतात. त्यातील दुसरा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो, आणि हे माप आतल्या व्यासाचे असते. दोन-आठ म्हणजे अडीच इंच, साधारण ६.३५ सेंटिमीटर. आठवीतील एका मुलीने आईची दोन-आठची बांगडी पट्टीने मोजली, तेव्हा ५.९ आले, म्हणून दुकानदाराने फसवले असे तिने कळवले आहे. दुकानदारावर आळ घेण्याआधी पट्टी कशी ठेवली होती ते पाहू. बांगडीला केंद्राची खूण नसते, त्यामुळे पट्टी थोडी बाजूला सरकली की आपण व्यास नव्हे, एखादी जीवा मोजतो, आणि केंद्रातून न जाणारी प्रत्येक जीवा व्यासाहून लहानच असते. पट्टीचा शून्य आतल्या कडेवर पक्का धरायचा, दुसरे टोक हळूहळू फिरवायचे आणि सर्वांत मोठे येणारे माप टिपायचे. माझ्या बांगडीवर आत्ता असे केले, तर ६.३ आणि ६.४ च्या मध्ये आले.

दोऱ्याने पडताळताना मात्र सावध राहा. आतल्या व्यासावरून परीघ जवळपास २० सेंटिमीटर येतो, पण दोरा आपण बाहेरून गुंडाळतो. माझी बांगडी ३ मिलिमीटर जाड आहे, म्हणून बाहेरचा व्यास ६.९५, आणि दोरा भरला पावणेबावीस सेंटिमीटरच्या किंचित वर.