मॅगी परत का आली?

‘इंग्रजी कादंबरीतलं निषिद्ध प्रेम’ असा विषय मला दिला आहे. मी एकच कादंबरी घेऊन आले आहे, जॉर्ज एलियट या टोपणनावानं लिहिणाऱ्या बाईची ‘द मिल ऑन द फ्लॉस’, १८६० सालची. इथे बहुतेकांनी ती वाचलेली आहे, म्हणून गोष्ट सांगत बसत नाही. नायिका मॅगी मावसबहीण लूसीच्या होऊ घातलेल्या नवऱ्याबरोबर, स्टीफन गेस्टबरोबर, नावेतून निघून जाते आणि लग्न न करताच गावी परतते, एवढं आठवलं की पुरे.

बी.ए.ला आम्हाला ती होती. गाईडमध्ये छापलेलं होतं, ‘लोकलज्जेस्तव मॅगी परतते.’ सरांनी तेच वाक्य उतरवून घ्यायला सांगितलं. (मागच्या रांगेतल्या बाई हसताहेत, म्हणजे त्यांच्याकडेही तेच गाईड होतं!) मी उभी राहिले. म्हटलं, सर, लोकांना भ्यायली असती तर तिनं स्टीफनशी लग्न करून टाकलं नसतं का? नावेतून त्याच्याबरोबर गेली, रात्र परक्या जहाजावर काढली. आता अब्रू वाचवायला लग्नाइतका सोपा उपाय कुठला? सर म्हणाले, “बसा खाली. पेपरात असलं काही लिहू नका.” मी लिहिलं. मार्क गेले. त्याला चाळीस वर्षं झाली. मार्कांचं मला काही वाटत नाही, पण मॅगीवर झालेला अन्याय अजून सलतो.

कारण उत्तर पुस्तकातच आहे हो! मॅगी श्रीमती गेस्ट होऊन, नवे कपडे घालून परतली असती तर सेंट ऑग्ज गावानं तिचं कौतुक केलं असतं, असं एलियट स्पष्ट लिहिते. बिनलग्नाची परतली, म्हणून ती वाईट.

आणि हे लिहिणारी बाई कोण? १८५४पासून ती जॉर्ज हेन्री लुइसबरोबर लग्नाशिवाय राहत होती. बायकोला दुसऱ्यापासून झालेली मुलं लुइसनं आपल्या नावावर लावली होती, म्हणजे तिचं वागणं त्यानं मान्य केलं असं धरून कायदा त्याला घटस्फोट देत नव्हता. एलियटच्या सख्ख्या भावानं, आयझॅकनं, तिच्याशी संबंध तोडले. लुइस गेल्यावर, १८८० साली तिनं जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केलं, तेव्हा कुठे भावाचं पत्र आलं. सेंट ऑग्जबद्दल तिनं जे वीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं, ते असं तिच्याच माहेरी घडलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा राहिलाच, आता भराभर सांगते.

स्टीफनचं म्हणणं, प्रेम नैसर्गिक आहे, ते सगळ्या बंधनांच्या वर. मॅगीचं प्रेम त्याच्याइतकंच खरं आहे, ती ते नाकारत नाही. पण लूसीनं तिच्यावर विश्वास टाकलेला, तिच्यावर आधीपासून प्रेम करणाऱ्या फिलिपला तिनं आशा दाखवलेली. भूतकाळ आपल्याला बांधत नसेल तर कर्तव्य उरतं कुठे, असं ती विचारते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणूनच तो पेच.

परतल्यावर ती गिरणीत, भावाच्या दारी जाते. टॉम म्हणतो, या घरात तुला जागा नाही. शेजारी आई उभी आहे. आयुष्यभर चादरी आणि चिनी मातीची भांडी यांतच जीव अडकलेली बाई, आपण तिला हसत हसत पुस्तक वाचत आलो. ती पुढे होते आणि म्हणते, पोरी, मी येते तुझ्याबरोबर. तुला आई आहे.