ड्रम सुरू झाले की बेस कुठे जातो?

श्रोतेहो, नमस्कार. बेस गिटार वाजवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. एकट्याने वाजवताना अँप्लिफायरमधून भरदार येणारा आवाज तालमीत ड्रम सुरू झाले की गडप होतो. मग हात जातो तो थेट खालचे स्वर वाढवणाऱ्या, ‘बेस’ लिहिलेल्या बटणाकडे. गाडं अडतं ते तिथेच.

चार तारांच्या बेसवरची सगळ्यात जाड मोकळी तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. तिच्या स्वराची हवेतली लहर आठ मीटरहून लांब असते. तालमीच्या छोट्या खोलीत अशा लहरी भिंतींवर आपटून परततात, कुठे एकमेकींत मिळून फुगतात, तर कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून दोन पावलं सरकलात तरी आवाज बदलतो. कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं खोकं, कोपऱ्यात ढकललं, तर खालचे स्वर आणखी घुमतात. त्यात पायाने वाजवायच्या मोठ्या किक ड्रमचा दणकाही त्याच पट्ट्यात. तिथे अजून बेस ओतला की नुसती घरघर उरते.

माझं ऐका, मिड, म्हणजे मधल्या पट्ट्यातला आवाज, वाढवा. साधारण २५० ते ८०० हर्ट्‌झच्या पट्ट्यात बोटाचा आघात आणि स्वराची ओळख असते. एकट्याने ऐकताना हा आवाज जरा खरखरीत, नाकातून आल्यासारखा वाटेल. वाटू द्या. सगळा बँड वाजायला लागला की तोच नीट ऐकू येतो. शिवाय अँप थोडा मागे कलता ठेवा किंवा उंचावर ठेवा. स्पीकर गुडघ्यांकडे तोंड करून असेल, तर तुम्हाला ऐकू येणार कसं? मग तुम्ही आवाज वाढवता आणि समोरच्यांचे कान किटतात.

वॅटच्या आकड्यांनीही हुरळून जाऊ नका. वॅट दुप्पट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. १९६९ मध्ये आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा बेस अँप ३०० वॅटचा होता आणि त्याच्या जोडीला दहा इंची आठ स्पीकर असत. मोठ्या मंचावर बेस पोचवण्याचं ओझं तेव्हा बरंचसं अँपवरच असायचं. आज ते काम पीए सिस्टिम, म्हणजे प्रेक्षकांसाठी लावलेली ध्वनियंत्रणा, करते. मंचावरचा अँप तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी.

म्हणून कार्यक्रमात अँपच्या डीआय आउटमधून, म्हणजे थेट मिक्सरकडे जाणाऱ्या जोडणीतून, सिग्नल मिक्सरला द्या आणि सोय असेल तर तो ‘प्री’वर, म्हणजे टोनच्या बटणांच्या आधीच निघेल असा, ठेवा. मग तुम्ही मंचावर टोन कितीही फिरवलात, तरी साउंड इंजिनिअरने बसवलेला आवाज बिघडत नाही. हम्म असा गुणगुणाट आला, तर डीआय आउटजवळचं, त्या जोडणीतला ग्राउंड तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. गेन, म्हणजे अँपमध्ये येणारा सिग्नल किती वाढवायचा ते, लावताना मात्र हलक्या हाताने वाजवू नका. गाण्यात जितक्या जोरात वाजवता, तितक्याच जोरात वाजवा. सिग्नल फाटतोय हे सांगणारा क्लिपचा लाल दिवा लागला की गेन थोडा मागे घ्या.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो: अँपपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल कधीच लावू नका, स्पीकर केबलच लावा. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार ४ ओहम होतो. अँपला तो चालतो का, हे मागच्या पट्टीवर वाचा. व्हॉल्व्हचा अँप तर कॅबिनेट न जोडता सुरूच करू नका, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. वाजवून झालं की आधी मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचं बटण, शून्यावर, मग स्विच बंद, आणि केबल त्यानंतर.