एकट्याची रांग

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज या गावाला लागूनच ओल्ड कोर्स हे गोल्फचे जुने मैदान आहे. त्याच्या पहिल्या टीजवळ, म्हणजे खेळाचा पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ, ओल्ड पॅव्हिलियन नावाची एक छोटी इमारत उभी आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत या इमारतीच्या दाराशी ऐन रात्री, समुद्रावरचा गार वारा अंगावर घेत, माणसे रांगेत ताटकळत असत. ही सारी माणसे गावात एकटी आलेली असत.

या मैदानावर खेळण्यासाठी दोन दिवस आधी जी सोडत निघे, तिच्यात किमान दोघांची नावे द्यावी लागत. एकट्या माणसाला मार्ग उरे तो रांगेचाच. दोघांच्या किंवा तिघांच्या एखाद्या गटात जागा रिकामी असली, तर खेळाडूंना क्रमाने मैदानावर सोडणारा स्टार्टर रांगेतल्या पहिल्या माणसाला त्या गटात पाठवी. म्हणजे रात्रभर एकट्याने वाट पाहायची, आणि सकाळी तीन अनोळखी माणसांमधला चौथा होऊन खेळायचे.

2024 मध्ये ही रांग थांबली. आता एकट्या खेळाडूंसाठी डिजिटल सोडत निघते आणि तिच्यासाठी आदल्या दिवशी गावात स्वतः हजर राहून नाव नोंदवावे लागते. हा बदल योग्यच झाला, कारण वय झालेल्या किंवा प्रकृतीने नाजूक असलेल्या माणसाने थंडीत रात्र उभ्याने काढावी ही अपेक्षाच गैर होती. तरीही शेजारीशेजारी जागलेल्या माणसांची पहाटेपर्यंत होणारी ओळख त्या रांगेबरोबर गेली, याचे मनापासून वाईट वाटते.

वास्तविक, एकट्याने खेळता येईल असा खेळ शोधायचा, तर गोल्फच आधी आठवावा. येथे चेंडू स्थिर असतो, तो कोणी आपल्याकडे फेकत नाही, कोणी अडवत नाही, आणि प्रत्येक फटक्याची जबाबदारी सर्वस्वी मारणाऱ्याची असते. असे असूनही, एकट्या खेळाडूला मैदानावर कोणताही दर्जा नाही आणि त्याने सामना खेळणाऱ्या प्रत्येक गटाला वाट करून द्यावी, असे गोल्फच्या नियमपुस्तकातील शिष्टाचाराच्या भागात कित्येक वर्षे स्पष्ट शब्दांत छापलेले होते. 2004 च्या आवृत्तीत ते वाक्य गेले. कोणी कोणाला पुढे जाऊ द्यायचे हे खेळाच्या वेगावर ठरू लागले, आणि ‘गट’ या शब्दात एकटा खेळाडूही येतो, असा खुलासा त्याच परिच्छेदात आला. तो फार आधी यायला हवा होता.

हँडिकॅपच्या बाबतीत मात्र एकट्याला सवलत मिळाली नाही. कसलेला आणि नवखा खेळाडू बरोबरीने खेळू शकावेत, यासाठी प्रत्येकाला त्याच्या पूर्वीच्या फेऱ्यांवरून जो आकडा मिळतो तो हँडिकॅप. अमेरिकेत 2016 पासून एकट्याने खेळलेली फेरी या हिशेबात धरणे बंद झाले, आणि 2020 मध्ये जगभर लागू होऊ लागलेल्या एकत्रित पद्धतीनेही निदान एक सोबती हवाच असे म्हटले. आपल्या प्रामाणिकपणावरच शंका घेतली, असे एकट्याने खेळणाऱ्या अनेकांना वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे.

कारण सोबत माणसे असली, तरी त्यांना सगळे दिसते असे नाही. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये, मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे, फटक्यासाठी उभे राहताना अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स यांचा चेंडू गवतात किंचित हलला. ते दुसऱ्या कोणालाही दिसले नव्हते. जोन्स यांनी स्वतः होऊन एका फटक्याचा दंड घेतला. तो घेतला नसता तर त्यांनी स्पर्धा तेथेच जिंकली असती, पण त्या दंडामुळे बरोबरी झाली आणि पुढच्या जादा फेऱ्यांत विली मॅकफार्लेन विजयी झाले. भोवती माणसे असतानाही त्या क्षणी जोन्स एकटेच होते.

एकट्याने खेळण्याचे सुख खरे आहे. मागे कोणी नसेल, तर एकाच जागेवरून दुसरा चेंडू मारून पाहता येतो, चुकलेल्या फटक्यापाशी थांबता येते. पण सोबतीमुळे जे दिसते ते एकट्याला दिसत नाही. ओल्ड कोर्सवरची ग्रीन, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागा, विस्तीर्ण आणि चढउतारांची आहेत. त्यांतील सात तर प्रत्येकी दोन होलना, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी दोन टप्प्यांना, सामाईक असून त्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज दरवेळी 18 भरते. अशा ग्रीनवर आपल्याच रेषेतून कोणी आधी पट केला, म्हणजे चेंडू हलकेच खळग्याकडे घरंगळवला, तर चेंडू कोठे वळतो आणि कोठे मंदावतो हे फुकट शिकायला मिळते. चेंडू काटेरी झुडपांत गेला, तर 2019 पासून तो शोधायला तीनच मिनिटे मिळतात. तेव्हा चौघे मिळून शोधू लागतात, आणि सकाळी नावही ठाऊक नसलेला माणूस आपल्या चेंडूसाठी काट्यांत वाकलेला असतो.

फेरी हँडिकॅपसाठी धरायची असेल, तर स्विलकन ओढ्यावरचा दगडी पूल ओलांडून अठरावे होल संपल्यावर आणखी एक काम उरते. सोबत्याने मार्कर म्हणून आपल्या फटक्यांचे आकडे नोंदलेले असतात. प्रत्येक होलचा आकडा दोघे ताडून पाहतात, आणि आपल्या सहीशेजारी त्या अनोळखी माणसाची सही होते.