मिरजेचा तंबोरा: तीन कारखाने, एक खर्ज

(पडदा काळा. फक्त खर्जाची तार.)

हा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका. एकच तार छेडलीय, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची. आधी भरून येतो तो षड्ज, म्हणजे सा. तो उतरायला लागला की त्याच्या पोटातून वर, अगदी बारीक, गंधार, म्हणजे ग उमटतो. तंबोऱ्यावर गंधाराची तारच नसते. म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो ऐकू येतो की नाही, यावर तंबोऱ्याची परीक्षा होते.

(मिरज. सतारमेकर गल्ली, सकाळ.)

सांगली जिल्ह्यातलं मिरज. इथं कारखाना म्हणजे एक खोली, पुढं ओटा, आणि आत जमिनीवर मांडी घालून बसलेली तीन-चार माणसं. छताला उलटे टांगलेले भोपळे, कोपऱ्यात दांड्या उभ्या, आणि सगळ्यावर भुशाचा थर.

साताऱ्याला गाणं शिकवणाऱ्या एक बाई आमच्याबरोबर आहेत. त्यांना तंबोरा घ्यायचाय, काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला 'सा' धरणारा, बायकांच्या आवाजाचा, जनानी. गिटार घेणारा आधी कंपनी बघतो, मग मॉडेल. इथं मॉडेल नाही. दोन भोपळे कधी सारखे निघत नाहीत, त्यामुळे एकाच हातचे दोन तंबोरेसुद्धा वेगळे बोलतात. म्हणून तीन कारखान्यांतून तीन तंबोरे आणून एकाच ओट्यावर ठेवले आणि तिन्ही काळी चारला लावले. ही अट पाळायलाच हवी. काळी एकचा मर्दानी तंबोरा शेजारी ठेवून जनानीला पातळ म्हणणं हा अन्याय आहे. दांडीची लांबी वेगळी, तारा वेगळ्या, घेरही वेगळा.

पहिला बघा. गळ्याभोवती कोरलेली पानं, कडेनं पांढरी नक्षी, पॉलिश असं की त्यात रस्ता दिसतो. दुसऱ्यावर थोडी नक्षी. तिसरा अगदी साधा. बाईंचा हात पहिल्याकडं गेला.

"ताई, बघू नका," ओट्यावरचे चाचा म्हणाले. "आधी ऐका."

(गच्ची. वाळत घातलेले भोपळे.)

ऐकण्याआधी जरा वर जाऊ. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. वेलावरच जून होऊ दिलेले, आतलं बी खुळखुळणारे. कारखान्यात आले की आधी पाण्यात भिजवतात, मग तोंड कापून आतला गर खरवडून काढतात. आता हा हात बघा. आतून बांबूच्या काड्या आडव्या ताणून बसवतोय. काड्यांशिवाय वाळला तर भोपळा आत बसतो, घेर वाकडा होतो. पुढचे कित्येक दिवस त्याला कुणी हात लावत नाही. घाई इथंच होते, आणि ती पॉलिशखाली झाकली जाते.

खाली तबली. भोपळ्याच्या तोंडावर बसणारं हे लाकडी झाकण, किंचित फुगीर. लाकूड तुणीचं, हलकं, लालसर. रंधा मारता मारता कारागीर मध्येच थांबतो, टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा रंधा. कुठं किती पातळ करायची याचं माप त्याच्या बोटात आहे. पातळ राहिली तर तारांच्या ताणानं काही वर्षांत खचते. जाड राहिली तर नाद भोपळ्यात उतरतच नाही. ओलं लाकूड लावलं असेल तर एका पावसाळ्यात तबली हलते, आणि तिच्याबरोबर घोडी, म्हणजे तबलीवरची तारा पेलणारी पट्टी.

आता गळा. भोपळा आणि दांडी जिथं भेटतात तो जोड. तुम्ही तंबोरा घ्यायला जाल तेव्हा पानांची नक्षी बाजूला ठेवा आणि या जोडावरून नख फिरवा. नख अडता कामा नये. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका शहरातल्या दुकानातून चकचकीत तंबोरा आणला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात गळा उकलला. आत जाड लुकण, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा भरून वरून रंग मारलेला होता. सरसाचा जोड असेल तर ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, पुन्हा बसवता येतो. तो तंबोरा कापावा लागला.

(दर्गा. घुमट, कबुतरं.)

तलवारीच्या गावात तारा कशा आल्या? मिरज हे पटवर्धनांचं संस्थान होतं. दरबारात गवई यायचे, त्यांची वाद्यं प्रवासात मोडायची, आणि दुरुस्तीला जवळ कुणी नसायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शिकलगार फरीदसाहेबांनी ते काम हातात घेतलं, असं इथल्या घराघरात सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. पोलादाची बारीक पारख असलेला हात लाकडाकडं वळला आणि आडनावच सतारमेकर झालं. पुढं याच गावात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत आणि जवारीत, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवण्यात, वाकबगार होते. 1937 साली गेले, आणि त्यांची कबर इथं, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात आजही इथं गाणं होतं. कारागिराच्या दाराशी असा कान असलेला गवई राहत असेल, तर खोटं काम खपत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचं मर्म मला इथं सापडतं.

(घोडी. अगदी जवळून.)

आणि आता ज्यासाठी आलो ते. ही घोडी, शिसवी, दोन बोटं रुंद. गिटारवर तार एका बारीक कडेवरून सुटते, स्वच्छ. तंबोऱ्यात ती या रुंद पाठीवरून घासत घासत सुटते. पाठ सपाट दिसते, पण तिला नजरेला न दिसणारा उतार आहे. तो उतार काढणं म्हणजे जवारी काढणं.

चाचांनी तारा सैल केल्या. कानस एकदा फिरवली, दोनदा. फुंकर. तारा चढवल्या, छेडल्या. मान हलली, नाही. पुन्हा सैल. हे आम्ही पाऊण तास चित्रित केलं, तुम्हाला मिनिटभर दाखवतोय. शेवटी सुती दोऱ्याचा एक तुकडा तारेखाली सरकवला. केसभर पुढं, केसभर मागं.

(तंबोरा. आधी मुका, मग झणकार. निवेदन नाही.)

ते सूत सरकलं तसा आवाज उघडला, ऐकलंत? 1921 मध्ये शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी याच घोडीवर निबंध लिहिला. एका तारेतून मूळ स्वराबरोबर बारीक उपस्वरही निघतात. तार जिथं छेडतो, तिथं ज्या उपस्वराचा स्थिरबिंदू, म्हणजे न हलणारा बिंदू येतो, तो उपस्वर नियमानं ऐकू यायला नको. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो. घोडीच्या या पाठीमुळे.

तर आता तिघांना ऐकू. एकच हात, मधल्या बोटानं पंचम, तर्जनीनं जोड, म्हणजे मधल्या 'सा'च्या दोन तारा, आणि खर्ज.

(पहिला. दुसरा. तिसरा.)

पहिला मोठ्यानं बोलतो, पण झणकार लगेच संपतो आणि जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळत नाहीत. दुसऱ्याची जोड सुरेख आहे, खर्ज मात्र थोडी बंद. जवारीवर अजून तासभर बसलं तर सुधारेल. तिसऱ्यात चारही तारांचा एकच गोल होतो, आणि खर्जातून गंधार येतो. बाईंनी डोळे मिटले होते ते उघडलेच नाहीत.

तंजावरचा तंबुरा फणसाच्या लाकडाचा, भोपळाही लाकडीच. तो भक्कम असतो, कर्नाटक गायकीला शोभतो. कोलकात्याच्या सतारी नावाजलेल्या आहेत. पण ख्यालाच्या मागं धरायचा तंबोरा म्हटलं की मी मिरजेलाच येईन, आणि मिरजेतही पाटी बघून नाही, घोडीवर कोण बसतं ते विचारून.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मोबाइलमधल्या तंबोऱ्यामुळे मागणी घटली, आणि या खोलीत आज जवारी शिकणारं पोर एकच आहे.

(ते पोर. चाचांच्या हाताकडं बघतंय.)

साधा तंबोरा ठरला. प्रवासासाठी तारा उतरवल्या. सूत काढण्याआधी त्या पोरानं चारही तारांखाली घोडीवर पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. मग गवसणी चढवली, नाडी बांधली, आणि जादा सुताची गुंडी कागदात गुंडाळून बाईंच्या हातात दिली.

(मिरज स्टेशन. साताऱ्याकडं जाणारी गाडी. खर्ज.)