बर्फावर टिकलेलं फॉस्फेट

गुलाबी माध्यमाखाली, थाळीच्या तळाला चिकटलेल्या या ए-४३१ पेशी. त्वचेच्या कर्करोगातून आलेल्या. ईजीएफ या वाढघटकाचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरणारं प्रथिन, त्यांच्या अंगावर दाटीनं असतो, म्हणूनच त्या निवडल्या. रात्रभर माध्यमातलं सीरम (रक्ताचा पेशीविरहित द्रव) बंद होतं, कारण सीरममधले वाढघटक रिसेप्टरला आधीच जागं करतात.

एका थाळीत ईजीएफ: मिलिलिटरला १०० नॅनोग्रॅम, ३७ अंश, ५ मिनिटं. शेजारची थाळी तशीच.

ईजीएफ बाहेरून चिकटला, की दोन रिसेप्टर जोडीनं येतात आणि पेशीच्या आत एकमेकांच्या शेपटीवरच्या टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट लावतात. १०६८व्या जागेवरच्या टायरोसिनवर ते बसलं, की ग्रब२ हे प्रथिन येऊन धरतं. त्याच्या खोबणीतलं धनभारी आर्जिनिन ऋणभारी फॉस्फेट पकडतं. रिसेप्टरच्या शेपटीत त्या टायरोसिनच्या दोन घरं पुढचं अ‍ॅस्पॅराजिन जागा पक्की करतं. फॉस्फेट नसेल, तर ग्रब२ तिथे टिकत नाही.

आता बर्फ. माध्यम काढलं, गार बफरनं दोनदा धुतलं, पेशी फोडणारा लायसिस बफर घालून त्या खरवडल्या. पेशी फुटताच तिचीच, फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फटेज एन्झाइम मोकाट सुटतात. त्यांना आवर घालतं १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. पीएच १०ला आणल्यावर त्याचं द्रावण पिवळं दिसतं: रेणू एकमेकांना जोडलेले असतात. रंग पूर्ण जाईपर्यंत उकळायचं, गार करून पीएच पुन्हा १०ला आणायचा, पुन्हा पिवळं झालं तर पुन्हा उकळायचं. ही पायरी गाळली, की ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं शोधायचा पडदा) कोरा येऊ शकतो आणि दोष बिचाऱ्या अँटिबॉडीवर जातो. बफरात ईडीटीए किंवा डीटीटी ही रसायनं असली तरी व्हॅनाडेट निकामी होतं.

ब्लॉटवरच्या रिकाम्या जागा झाकायला, म्हणजे ब्लॉकिंगला, दूध नको, त्यातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्यायचं.

ग्रब२ला पकडणारी अँटिबॉडी लावलेले मणी लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रावणात, फिरवले. ईजीएफ दिलेल्या नमुन्यात ग्रब२सोबत रिसेप्टरही ओढला आला: १७० किलोडाल्टनजवळचा हा काळा पट्टा. न दिलेल्यात जवळजवळ काही नाही. खालच्या ब्लॉटवर एकूण रिसेप्टर मात्र दोन्हीकडे सारखाच. तो न पाहता वरचा पट्टा वाचूच नये.

याच जोडणीतून पेशीला विभाजनाचा निरोप जातो. फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत तो थांबत नाही, आणि जेफिटिनिब हे औषध फॉस्फेट पुरवणाऱ्या एटीपीची जागा अडवून फॉस्फेट लागू देत नाही.

ब्लॉटवरची शेवटची लेन, म्हणजे एका नमुन्याची रांग. ईजीएफ दिलेलाच नमुना, पण व्हॅनाडेट न घालता, मँगनीजसह लॅम्डा फॉस्फटेज लावलेला. एकूण रिसेप्टर जागेवर आहे. १०६८वरचं फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीचा पट्टा नाही.