गोळी आहे, पण ती ठेवायची कुठे?

नमस्कार. आज एका गोळीबद्दल बोलायचंय. नाव प्रेप. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. रोज नेमाने घेतली, तर शारीरिक संबंधांतून एचआयव्ही होण्याचा धोका जवळपास ९९ टक्क्यांनी कमी होतो.

आता हे ऐका. २०१६ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी संस्थेने हिशेब मांडला: संसर्गाचं प्रमाण असंच राहिलं, तर कृष्णवर्णीय गे आणि बायसेक्शुअल पुरुषांत दर दोघांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी एचआयव्ही होईल. गोऱ्या गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमध्ये अकरा जणांत एकाला.

लगेच कुणीतरी म्हणतं, "त्यांचं वागणंच तसं असेल." मला याचाच राग येतो. संशोधकांनी हे पुन्हा पुन्हा तपासलंय. कंडोम असो की जोडीदारांची संख्या, ही मुलं गोऱ्यांपेक्षा बेफिकीर नाहीत. पण जोडीदार बहुधा आपल्याच समाजातले, आणि तिथे विषाणू आधीच जास्त पसरलेला. त्यात अनेकांकडे विमा नाही, निदान उशिरा होतं, उपचार मध्येच तुटतात.

आणि मर्दानगी. गोरे लोक तिथे पन्नाशीच्या कृष्णवर्णीय माणसालाही 'बॉय' म्हणायचे. १९६८ मध्ये मेम्फिस शहरातले कृष्णवर्णीय सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा म्हणूनच त्यांच्या हातातल्या पाट्यांवर चारच शब्द होते: 'आय ॲम अ मॅन'. मी माणूस आहे, मी पुरुष आहे. दोन्ही अर्थ त्यात आले. जे इतकं झगडून मिळवलं, ते हातचं जाण्याची भीतीही तेवढीच मोठी. मुलगा जरा नाजूक वागला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, तो यामुळेसुद्धा.

समजा, अटलांटातला पंचविशीतला एक मुलगा. आईबरोबर राहतो, रविवारी चर्चमध्ये गातो. प्रेपची डबी घरी आणायची तर लेबल खरवडायचं, गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतायच्या, बाटली खुळखुळू नये म्हणून वर कापूस कोंबायचा. एवढं करण्यापेक्षा तो गोळीच सोडून देतो.

आता इंजेक्शनं आलीत. २०२१ मध्ये दर दोन महिन्यांनी घ्यायचं, २०२५ मध्ये सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं. लपवायला डबीच नाही! मला याचा मनापासून आनंद आहे. पण सुई टोचून घेण्याआधी त्याला नर्ससमोर बसून सांगावं लागतं, की माझे संबंध पुरुषांशी आहेत. त्या क्षणी ती त्याच्याकडे कशी बघते, त्यावर तो सहा महिन्यांनी परत येणार की नाही, ते ठरतं.