पहिली-दुसरीतलं वाचन आणि ऱ्हस्व-दीर्घ

प्रत्येक वर्गात एक मूल असतं. क, का, कि, की धडाधड म्हणतं, आणि फळ्यावर 'मका' लिहिला की गप्प. बाराखडी त्याला येते, पण ओळीनं, चालीवर. मधलंच 'कु' विचारलं तर मनातल्या मनात 'क'पासून चालत येतं. म्हणून आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, हा क्रम सोडा. थोडी अक्षरं, एखादं स्वरचिन्ह आणि त्याच दिवशी त्यांचे शब्द.

पहिल्या गटाला म, क, ल, र आणि काना पुरे. चारही दिसायला वेगळी आहेत. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकत्र आणू नका. एक पक्कं झालं की दुसरं. शब्दांनाही क्रम हवा. आधी मामा, काका, मका, नंतर काम, लाल, माल, मग कमल. 'काका' लिहिलं तसंच ऐकू येतं. 'काम'मध्ये शेवटच्या 'म'मधला अ आपण बोलताना गिळतो. मूल 'का-म' असं दोन तुकडे करून वाचतं आणि शब्द ओळखीचा असूनही त्याला लागत नाही. तिथं 'काम्' असं म्हणून दाखवा. 'चमचा'त तर मधलाच अ जातो, म्हणून तो बराच पुढे घ्या.

वेलांटीत दुसरी आधी: कमी, मामी, काकी. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते, कानाला नंतर ऐकू येते. 'दिवा'पाशी मुलं अडखळतात ती यामुळे. लिहून घेताना आधी 'द' काढू द्या, मग डावीकडे वेलांटी.

आता दुसरीतलं खरं दुखणं, ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२चे मिळून १८ लेखननियम आहेत. या वयाला त्यातले दोनच लागतात, आणि तेही न सांगता. पहिला सोपा: शब्दाच्या शेवटी इ-उ आली की ती दीर्घ. पाटी, पेरू, मी, तू. 'आणि', 'नि' हे अपवाद तसेच पाठ. दुसऱ्यासाठी बारा कार्डं करा. सहांवर मूल, फूल, दूध, तूप, वीट, जीभ. सहांवर मुलाला, फुले, दुधात, तुपाने, विटा, जिभेला. जोड्या लावायला सांगा आणि विचारा, काय बदललं? शब्दाचा शेवट अ-चा असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरातली इ-उ दीर्घ. पुढे काही जोडलं की तीच ऱ्हस्व होते, हे मुलं स्वतः काढतात. त्यांच्या भाषेत: 'शब्द लांबला की उकार बदलला.' मग दिवा, सुरी, चुना घ्या. इथं शेवट अ-चा नाही, म्हणून आधीची इ-उ ऱ्हस्व.

श्रुतलेखनाला पाच शब्द आणि एक वाक्य पुरे. मात्र 'दूऽऽध, दुसरा उकार हं' असं सांगू नका. मग मुलाला करायला उरतं काय? शब्द नेहमीसारखा म्हणा. मुलानं 'दुध' लिहिलं तर खोडू नका, शेजारी 'दुधात' लिहा आणि फरक विचारा.

गुण, सुख, विष, पूजा, गीता हे शब्द नियमाला जुमानत नाहीत. संस्कृतातून आले तसेच ते राहिले. दुसरीतल्या मुलाला 'तत्सम' सांगून काही साधत नाही. अशा शब्दांचा वेगळा तक्ता भिंतीवर लावा आणि वाचनात नवा सापडला की मुलाकडूनच लिहून घ्या. नियमाच्या तासाला ते आणलेत तर नियम आणि अपवाद दोन्ही बुडतात.

जोडाक्षरांत र सर्वांत त्रासदायक. 'सूर्य' बोलताना र आधी येतो, कागदावर मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, म्हणून मुलं 'सूय्र' वाचतात. विचारा, कोण आधी बोललं? र आधी असेल तर रफार, नंतर असेल तर 'चक्र'सारखी तिरकी रेघ. 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही मोठ्यानं म्हणून घ्या: दर्या, म्हणजे समुद्र, म्हणताना 'द'वर जोर पडतो, डोंगरातल्या दऱ्यांत पडत नाही. जोर ऐकू आला तर रफार, नाही तर ऱ्य. कैऱ्या, पुऱ्या, सुऱ्या यांच्यावर तेच करून पाहा. 'ट्रक'मधला र सगळ्यात शेवटी घ्या; त्याचे शब्द मोजकेच आहेत.